विश्वामित्रीच्या काठी : कमाटी बागेचा एक अभ्यास

सहलीचे नाव निघाले, की विद्यार्थ्यांची दृष्टी प्रथम दूरच्या स्थळांकडे वळते. कोणी पावागडाचे नाव घेतो, कोणी नर्मदाकाठच्या चांदोदचे, तर कोणी थेट अबूच्या थंड हवेची गोष्ट काढतो. घरापासून अर्ध्या तासाच्या चालीवर असलेल्या कमाटी बागेचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. पिकते तेथे विकत नाही, ही म्हण स्थळांच्या बाबतीतही तितकीच खरी आहे. वडोदऱ्यातील मराठी घरांत असे मूल विरळा, ज्याने या बागेत झोपाळ्यावर झोके घेतले नाहीत; आणि असा मोठा माणूसही विरळा, ज्याने ती बाग अभ्यासाच्या दृष्टीने एकदा तरी नीट पाहिली आहे.

यास्तव या लेखात आम्ही परिचयाच्याच स्थळाचा विचार करण्याचे योजिले आहे. नदीकाठच्या उद्यानात जाणे म्हणजे केवळ चणे-फुटाणे खात हिरवळीवर लोळणे नव्हे. आणि तेथे जाऊन वह्या भरीत बसणे, हासुद्धा विहार नव्हे. पाय मोकळे व्हावे, मन प्रसन्न व्हावे आणि परतताना आपल्या गावाविषयीचे काही नवे ज्ञान सोबत यावे, अशा तिन्ही गोष्टी ज्या भेटीत साधतात, तीच खरी सहल होय.

स्थान आणि नाव

विश्वामित्री ही नदी वडोदरा शहराच्या मधून वाहते. तिच्या पूर्वेस जुने शहर आहे, पश्चिमेस रेल्वे स्थानक आणि विद्यापीठाचा परिसर आहे. या दोहोंच्या मध्ये, नदीला धरून, सुमारे ४५ हेक्टर भूमीवर ही बाग पसरलेली आहे. एकराच्या जुन्या मापाने हे क्षेत्र ११३ एकर भरते. तिचे अधिकृत नाव सयाजी बाग. परंतु लोकांच्या तोंडी कमाटी बाग हेच नाव आजही आहे. प्रवेशद्वाराजवळ महाराज सयाजीराव गायकवाड यांचा अश्वारूढ पुतळा आहे. लोक त्याला ‘काळा घोडा’ म्हणतात, आणि जवळचा पूलही त्याच नावाने ओळखला जातो.

या शहराच्या नावातच वृक्ष दडलेला आहे. वडोदरा म्हणजे वटोदर, वडांच्या उदरात वसलेले गाव, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. राष्ट्रकूट वंशातील कर्क सुवर्णवर्ष याने इ. स. ८१२ मध्ये दिलेल्या ताम्रपटात ‘वडपद्रक’ या गावाचे दान नोंदलेले आहे. त्या काळी मुख्य वस्ती होती अंकोट्टक, म्हणजे नदीच्या पश्चिम तीरावरील आजचे अकोटा. वडपद्रक हे तेव्हा एक लहानसे खेडे होते. पुढे लहानाचे मोठे झाले आणि मोठ्याचे उपनगर झाले. नदी मात्र दोघांच्या मधून तशीच वाहत राहिली. विद्यार्थ्यांनी बागेत पाऊल टाकताना ही गोष्ट ध्यानी धरावी, की आपण जिच्या काठी उभे आहोत, ती या शहराहून वयाने वडील आहे.

बाग कोणी आणि का निर्मिली

बागेची निर्मिती १८७९ मध्ये झाली. या सालाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. १८७५ मध्ये ते बडोद्याच्या गादीला दत्तक आले आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. म्हणजे बाग निर्माण झाली तेव्हा महाराज अवघे सोळा वर्षांचे, आजच्या दहावीच्या विद्यार्थ्याच्या वयाचे होते. कारभार पाहत होते दिवाण सर टी. माधवराव. हे माधवराव कुंभकोणमचे, तंजावरकडील मराठी घराण्यातले. नाशिककडच्या शेतकरी घरातून आलेला राजा आणि कावेरीकाठचा मराठी दिवाण यांच्या काळात गुजरातेतील नदीच्या काठी ही बाग उभी राहिली, हा योगायोग मराठी वाचकाला कौतुकाचा वाटल्यावाचून राहणार नाही.

राजेरजवाड्यांच्या बागा त्यापूर्वीही होत्या. परंतु त्या राजवाड्याच्या भिंतींच्या आत असत. फुलांचा वास बाहेर येई, माणूस आत जाऊ शकत नसे. कमाटी बागेचे वैशिष्ट्य हे, की ती प्रजेसाठी केली गेली. पुढे सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानाला लागू केले. गावोगाव वाचनालये काढली. बाग, संग्रहालय, शाळा आणि वाचनालय या त्यांच्या दृष्टीने चार निराळ्या गोष्टी नव्हत्या. शाळेत अक्षर शिकावे, वाचनालयात त्याचा उपयोग करावा, संग्रहालयात जग पाहावे आणि बागेत शरीर व मन ताजे करावे, असा तो एकच विचार होता.

बागकामाचे शास्त्र जाणणारी माणसेही त्यांनी मिळविली. इंग्लंडातील क्यू येथील प्रसिद्ध उद्यानात काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगेल १८९३ मध्ये बडोद्यास आले आणि संस्थानच्या बागांची व्यवस्था त्यांनी पाहिली. १९०८ मध्ये ते बंगळूरला गेले व तेथील लालबागेमुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले. लालबाग पाहून आलेला विद्यार्थी ज्या कौशल्याची वाखाणणी करतो, ते कौशल्य अगोदर बडोद्याच्या मातीत राबलेले आहे.

नदीचा पाठ

आता बागेतील मुख्य शिक्षिकेकडे, म्हणजे विश्वामित्रीकडे वळू. पावागडाच्या डोंगरात ती उगम पावते. विश्वामित्र ऋषींनी तेथे तप केले, अशी आख्यायिका आहे व त्यावरून नदीला हे नाव पडले. पावागडाची उंची सुमारे ८०० मीटर; वडोदरा शहर मात्र समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरांहूनही कमी उंचीवर आहे. म्हणजे नदी प्रथम डोंगरावरून वेगाने उतरते आणि मग तिला मैलोगणती सपाट प्रदेशातून जावे लागते. सपाट प्रदेशात उतार थोडा, म्हणून वेग मंद. वेग मंद, म्हणून ती नागमोडी वळणे घेते. वळणाच्या बाहेरच्या बाजूस पाण्याचा जोर अधिक, तेथे काठ खचतो. आतल्या बाजूस जोर कमी, तेथे गाळ साचतो. भूगोलाच्या पुस्तकात ज्याची आकृती काढावी लागते, ते बागेतील पुलावर उभे राहिल्यास प्रत्यक्ष दिसते. शहरापुढे जाऊन ही नदी ढाढर नदीला मिळते आणि दोघींचे पाणी खंभातच्या आखातात जाते.

याच खोऱ्यात शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आजव्याचा तलाव आहे. १८९२ च्या सुमारास तो पुरा झाला व त्याला सयाजी सरोवर हे नाव मिळाले. तेथील पाणी केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले गेले. ज्या खोऱ्याचे पाणी आपण पितो, त्याच खोऱ्याचे पाणी कधी कधी आपल्या दारातही येते, हे वडोदरेकरांना कोणी शिकवावे लागत नाही.

३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला. २०२४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस नदीची पातळी ३५ फुटांच्याही वर गेली आणि शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले. पूर का येतो, याचे उत्तर केवळ ‘पाऊस फार पडला’ एवढेच नाही. ते समजण्यासाठी एक सोपे गणित करू.

४५ हेक्टरांच्या बागेवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, असे धरा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा ४५ हेक्टर म्हणजे ४,५०,००० चौरस मीटर. त्यावर अर्धा मीटर पाणी, म्हणजे २,२५,००० घनमीटर. एका घनमीटरात १,००० लिटर मावतात. म्हणजे एकट्या बागेवर पडलेले पाणी झाले २२ कोटी ५० लक्ष लिटर. दहा हजार लिटरांचा एक टँकर धरला, तर साडेबावीस हजार टँकर! आता या जागी माती, मुळे, पालापाचोळा आणि गवत असेल तर या पाण्याचा काही भाग जमिनीत मुरतो, काही खळग्यांत थांबतो आणि उरलेला सावकाश नदीकडे जातो. तीच जागा फरशी आणि डांबराने झाकली, तर जवळजवळ सर्वच पाणी एकदम नदीवर चाल करून जाते. शहरातील अशा झाकलेल्या जमिनीचे क्षेत्र मनात आणा, म्हणजे नदी का चवताळते ते कळेल.

नदीला वर्षातील आठ महिने थोडी जागा पुरते. चार महिने तिला पुष्कळ जागा लागते. तिच्या बाजूची कोतरे, नाले, तळी आणि सखल मैदाने ही तिची पावसाळी घरे होत. उन्हाळ्यात ती रिकामी दिसतात म्हणून ती बेवारस समजून माणसाने भरून टाकली, तर पावसाळ्यात नदी आपले घर शोधीत आपल्या घरात येते. नदीकाठी बाग ठेवण्यात जे शहाणपण आहे, ते येथे दिसून येते. बागेत पूर आला तर बाके भिजतात, रोपे जातात, गाळ साचतो, आणि संग्रहालय व प्राणी यांचीही काळजी वाहावी लागते. तथापि चार महिन्यांत हिरवळ पुन्हा उगवते. त्याच जागी दाट वस्ती असती, तर संसार वाहून गेले असते. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असा समज ज्यांचा असेल त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

२०२४ च्या पुरानंतर २०२५ मध्ये नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यापूर्वी, २०२१ मध्ये, राष्ट्रीय हरित अधिकरणानेही विश्वामित्रीच्या दूषित पाण्याविषयी व अतिक्रमणांविषयी निर्देश दिले होते. कारण पूर हा नदीचा एक प्रश्न, आणि शहराचे सांडपाणी हा दुसरा. पुलावर उभे राहून नाकाला रुमाल लावणाऱ्याने एवढे तरी ध्यानी घ्यावे, की ही दुर्गंधी पावागडाहून आलेली नाही. ती आपल्याच मोऱ्यांतून आलेली आहे.

नदीची जुनी रहिवासी

विश्वामित्रीचे एक वैशिष्ट्य असे आहे, की शहराच्या मध्यभागी वाहूनही तिच्यात मगरी राहतात. एवढ्या मोठ्या वस्तीच्या मधोमध काही शेकडा मगरी नांदत आहेत, असे उदाहरण इतरत्र क्वचितच सापडेल. ही गोड्या पाण्यातील मगर असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे.

मगरीची दिनचर्या अभ्यासण्यासारखी आहे. तिचे रक्त शीत असते. शरीरात उष्णता निर्माण करून ती टिकविण्याची शक्ती तिला नसते. म्हणून हिवाळ्यातील सकाळी ती काठावर येऊन उन्हात निश्चल पडून राहते. कित्येकदा तिचा जबडा उघडा असतो. ते पाहून ती रागावली आहे असे समजू नये; शरीराची उष्णता बेताची राखण्याचा तो एक मार्ग आहे. उन्हाळ्याच्या आरंभी मादी काठाच्या उतारावर खड्डा करून त्यात अंडी घालते, साधारणपणे पंचवीस ते तीस. सुमारे दोन महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडाशी, पिले बाहेर येतात. मादी त्यांना आपल्या जबड्यात अलगद धरून पाण्यापर्यंत नेते. ज्या दातांचा जगाला धाक, तेच दात लेकरांसाठी पाळणा होतात! आणखी एक नवल असे, की पिलू नर होणार की मादी, हे घरट्यातील मातीच्या उष्णतेवर ठरते.

यावरून काठाचे महत्त्व ध्यानी येईल. मगरीला पाणी जितके आवश्यक, तितकाच मातीचा काठही आवश्यक आहे. उन्हे खाण्यास काठ, बिळे करण्यास काठ, अंडी घालण्यास काठ. काठ सिमेंटाने बांधून काढला, तर नदी राहील. पण तिचे घरपण जाईल. पूर येतो तेव्हा या मगरी पाण्याबरोबर रस्त्यांवर, अंगणांत येतात. वन खात्याची माणसे व स्वयंसेवक त्यांना पकडून सुरक्षित जागी सोडतात. अशा वेळी गर्दी करणे, दगड मारणे किंवा छायाचित्रासाठी पुढे सरसावणे, हे मगरीच्या नव्हे तर आपल्याच जिवावर बेतणारे असते.

बागेतील संग्रहालय

बागेत वस्तुसंग्रहालय व चित्रसंग्रह आहे. संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये तयार झाली. चिझम हे तिचे वास्तुशिल्पी. शेजारच्या चित्रदालनाचे बांधकाम १९०८ ते १९१४ या काळात झाले. परंतु पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून चित्रे येण्यास विलंब झाला आणि ते १९२१ मध्ये खुले झाले. रणांगण कोठे, आणि बडोद्यातील भिंती रिकाम्या राहिल्या कोठे! इतिहासातील घटना एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात, त्याचे हे बोलके उदाहरण आहे.

येथे दोन वस्तू तरी विद्यार्थ्यांनी अवश्य पाहाव्या. पहिली, निळ्या देवमाशाचा सांगाडा. १९४४ मध्ये हा प्रचंड जीव मही नदीच्या मुखाजवळ सापडला. सांगाड्याची लांबी सुमारे २२ मीटर आहे. वर्गाच्या खोल्या एकापुढे एक अशा तीन मांडल्या, तरी तो त्यांत मावण्यास कुरकुर करील. दुसरी, अकोट्याच्या जैन धातुमूर्ती. १९५१ मध्ये नदीपलीकडील अकोटा येथे ६८ मूर्तींचा ठेवा सापडला. त्यांतील काही मूर्ती पाचव्या-सहाव्या शतकाइतक्या जुन्या आहेत. वर ज्या अंकोट्टकाचे नाव आले, त्या गावाचे वैभव केवढे होते, ते या मूर्ती सांगतात. ताम्रपटातील अक्षर आणि भूमीतील मूर्ती, दोन्ही एकमेकांची साक्ष देतात. ईजिप्तची ममी पाहण्यासाठी मुलांची गर्दी होते, ती होवो. परंतु आपल्या नदीकाठच्या मूर्तींसमोरही चार क्षण उभे राहावे.

१८७९ पासूनच बागेत प्राणिसंग्रहालय आहे. त्याचा विस्तार नदीच्या दोन्ही तीरांवर झालेला आहे. पिंजऱ्यातील वाघ पाहावा, पण मोकळ्या झाडावरचा पोपट, पाण्यावर सूर मारणारा खंड्या आणि पंख पसरून ते वाळविणारा पाणकावळा यांनाही विसरू नये. त्यांच्यासाठी तिकीट लागत नाही, म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही.

पाच तासांची कथा

कमाटी बागेचा सर्वांत मोठा पाठ मात्र ना वृक्षांत आहे, ना संग्रहालयात. तो एका माणसाने येथे काढलेल्या पाच तासांत आहे.

बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील शिक्षणानंतर ते लंडनला गेले आणि १९१७ मध्ये, ठरल्याप्रमाणे संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले. परदेशांतील विद्यापीठांत ज्याला मानाने बसविले, त्या तरुणाला या शहरात राहण्यास एक खोली मिळेना. कारण तो अस्पृश्य मानलेल्या जातीचा होता. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी काही मंडळी काठ्या घेऊन आली व त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम दिला. आंबेडकरांनी दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या अडचणी पुढे केल्या. मुंबईची गाडी रात्री नऊ वाजता होती. मधले पाच तास काढावयाचे कोठे? ते कमाटी बागेत येऊन बसले. आईवडिलांच्या आठवणीने त्यांचे मन भरून आले, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

तो दिवस २३ सप्टेंबर १९१७ चा मानला जातो. अस्पृश्यतेच्या निर्मूलनासाठी आयुष्य वाहण्याचा संकल्प त्यांनी येथील वडाखाली केला, अशी श्रद्धा आहे. म्हणून ती जागा ‘संकल्पभूमी’ या नावाने ओळखली जाते आणि दर वर्षी त्या दिवशी दूरदूरचे लोक येथे येऊन अभिवादन करतात.

या कथेचा विचार विद्यार्थ्यांनी शांतपणे करावा. त्या दिवशी या शहरात घरे पुष्कळ होती, धर्मशाळा होत्या, विश्रामगृहे होती. प्रत्येकाला उंबरठा होता आणि प्रत्येक उंबरठ्यावर ‘तू कोण?’ हा प्रश्न उभा होता. उंबरठा नव्हता तो केवळ बागेला. झाड सावली देताना जात विचारीत नाही, हे वाक्य आपण निबंधात सहज लिहितो. १९१७ च्या त्या दुपारी त्याचा अर्थ काय होता, तो येथे समजतो. परंतु झाडाच्या औदार्याने माणसाचा दोष झाकला जात नाही, हेही तितकेच खरे. ज्या शहराने विद्वानाला बागेखेरीज कोठेही बसू दिले नाही, त्या शहराची लाज ही आपलीही लाज आहे. आज आपल्या सहलीत डबा उघडताना कोणी एकटा बाजूला बसला आहे काय, हे पाहणे, हा त्या पाठाचा पहिला स्वाध्याय होय.

सहलीची शिस्त

नदीकाठी जाताना आनंद आणि सावधपणा यांची सांगड घालावी लागते. १८ जानेवारी २०२४ रोजी याच शहरातील हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका यांचा अंत झाला. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि पुष्कळांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. ती मुले सकाळी डबे घेऊन, आईला हात हलवून घराबाहेर पडली होती. त्यांचे स्मरण ठेवण्याचा एकच खरा मार्ग आहे : नियम पाळणे, आणि तो पाळला जात नसेल तर निर्भयपणे बोलणे. ‘गुरुजी, जाकीट मिळाले नाही’ किंवा ‘बाई, नाव भरली आहे, आम्ही पुढच्या खेपेस येतो’ असे म्हणणारा विद्यार्थी उद्धट नव्हे, तो शहाणा होय.

बागेच्या भेटीसाठी आम्ही पुढील नियम सुचवितो.

१. सकाळची वेळ निवडावी. हवा थंड असते, पक्षी दिसतात आणि गर्दी थोडी असते.

२. पाच-सहा जणांचे गट करावे व प्रत्येक गटास एक नायक असावा. प्रवेशद्वाराशी आणि निघताना मोजदाद करावी.

३. नदीच्या उतारावर उतरू नये. हातपाय धुण्यासाठी नळ आहेत. नदीचा काठ त्यासाठी नव्हे.

४. प्राण्यांना खाऊ घालू नये, त्यांना डिवचू नये.

५. झाडाच्या सालीवर नाव कोरू नये. सालीच्या आतील भागातूनच झाडाचे अन्न मुळांकडे जाते. तेथे झालेली जखम झाडाला जन्मभर पुरते.

६. सोबत कापडी पिशवी न्यावी व आपला कचरा घरी आणावा. बागेत टाकलेली प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने नाल्यात, नाल्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात जाते.

निरीक्षणासाठी प्रश्न

१. बागेतील तीन मोठे वृक्ष निवडा. छातीइतक्या उंचीवर दोरीने त्यांचा घेर मोजा. सर्वांत मोठा घेर कोणाचा आला?

२. वडाच्या पारंब्या जमिनीत शिरल्यावर त्यांत कोणता फरक पडतो?

३. पुलावरून नदीचे वळण पाहा. कोणता काठ उभा आहे आणि कोणत्या काठावर गाळ साचला आहे? त्याचे कारण सांगा.

४. झाडाखालच्या मातीवर आणि फरसबंद वाटेवर एकेक लोटा पाणी ओता. पाणी मुरण्यास किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून नोंदवा.

५. पुराच्या पाण्याच्या खुणा एखाद्या भिंतीवर वा खांबावर दिसतात काय? त्यांची उंची आपल्या उंचीशी ताडून पाहा.

६. घरातील आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी ही बाग व ही नदी कशी होती? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

शेवटचा प्रश्न आम्ही मुद्दाम घातला आहे. ज्या पिढीने नदीचे स्वच्छ पाणी पाहिले, त्या पिढीची माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्या आठवणी वहीत आल्या नाहीत, तर पुढच्या मुलांना वाटेल की नदी अशीच असते, काळी आणि वासाची. आणि जे तसेच असते, ते सुधारण्याची इच्छा कोणाला होणार?

बागेची मालकी एका माणसाची असती, तर तिची काळजी त्याने घेतली असती. ती सर्वांची आहे. म्हणून तिची काळजी सर्वांनी घ्यावी लागते, आणि नेमके तेथेच काम अडते. सोळा वर्षांच्या एका राजाच्या राज्यात लावलेली झाडे आज आपल्याला सावली देत आहेत. आज सोळा वर्षांचे असलेले आपले विद्यार्थी आणखी शंभर वर्षांनंतरच्या मुलांसाठी नदीचा मातीचा काठ, मोकळी जमीन आणि कोणालाही बसता येईल अशी सावली शिल्लक ठेवतात की नाही, यावरच या सहलीचे गुण ठरावयाचे आहेत.